इंजिनाचा कॅम आणि घरची वही

मे महिना सरत आला की मालवणच्या किनाऱ्यावर बोटी वर घ्यायची घाई सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद. दांडीपासून सर्जेकोटपर्यंत आणि तिकडे आचरा, देवगडपर्यंत एकच लगबग असते. जाळी उतरवून घरात येतात, बोटींवर ताडपत्र्या चढतात, लाकडाला कुठे पाणी लागले ते ठोकून पाहिले जाते, रंगाचे डबे येतात. इंजिनाकडे मात्र बहुतेकांचे लक्ष जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच जाते. माझे अब्बा यावर म्हणायचे, "इंजिन जूनात मरता आणि ऑगस्टात कळता."

अब्बा बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री होते. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी याच किनाऱ्यावर काम केले. शाळा चौथीपर्यंत. तोंडी हिशोब पक्का, पण लिहायचा कंटाळा. म्हणून त्यांची वही सहावी-सातवीपासून मीच लिहायची. मगरिबनंतर ते हात घासून धुऊन ओसरीवर बसत आणि एकेक सांगत जात. कोणाची बोट, कोणते इंजिन, किती तास चालले, ऑईल कधी बदलले, टॅपेटचा गॅप किती निघाला, किती ठेवला. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवले आणि आता निवृत्तही झाले. अब्बांना जाऊन बरीच वर्षे लोटली. वह्या मात्र मी जपून ठेवल्या आहेत.

आमच्या समाजात इंजिनाशी संबंध नाही असे घर विरळाच. कोणाची बोट, कोणाची रिक्षा, कोणाचा टेम्पो, कोणाचा बागेतला पंप, आणि मोटारसायकल तर दारोदारी. अनेक घरांत हे इंजिन आखातात राबणाऱ्या मुलाच्या किंवा भावाच्या पैशांतून आलेले असते. म्हणजे ती दुसऱ्याच्या घामाची अमानतच. या वह्या वाचताना मला पुन्हा पुन्हा एक गोष्ट दिसते. इंजिनातला जो भाग सर्वांत गुपचूप झिजतो आणि मग घराला सर्वांत महागात पडतो, तो वाचवणे अवघड नसते. त्यासाठी मोठी कारागिरी लागत नाही, वेळच्या वेळी थोडा खर्च लागतो. हा भाग म्हणजे कॅमशाफ्ट आणि त्याच्यावर चालणारी व्हॉल्व्हची साखळी.

कॅम करतो काय?

ज्या बहिणींच्या घरी जुने काळे शिलाई मशीन आहे त्यांना कॅम समजायला वेळ लागणार नाही. चाक गोल फिरते, पण धागा ओढणारी पुढची तरफ वर-खाली होते. गोल फिरण्याचे वर-खाली होणे कोण करतो? आत फिरणारा कॅम. त्याचा आकार असा की ठरावीक वेळी ठरावीक उंचीपर्यंत तरफ उचलली जावी.

इंजिनात हेच काम कॅमशाफ्ट करतो. लोखंडाचा एक लांब दांडा आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. उंचवट्यावर टॅपेट बसलेला, टॅपेटवर पुशरॉड, पुशरॉडच्या डोक्यावर रॉकर आणि रॉकरच्या दुसऱ्या टोकाखाली व्हॉल्व्ह. अंड्याचे टोक वर आले की टॅपेट उचलला जातो आणि रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबतो. एका व्हॉल्व्हने हवा आत येते, दुसऱ्याने धूर बाहेर जातो. माणसाच्या श्वासासारखेच आहे हे. श्वास किती खोल आणि कधी घ्यायचा ते कॅमच्या उंचवट्याचा आकार आणि जागा ठरवते.

शाळेत मी मुलांना एक गणित घालायची. सहा सिलिंडरचे बोटीचे इंजिन, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, म्हणजे कॅमशाफ्टवर बारा उंचवटे. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे ७५० फेरे घेतो. तासाला ४५ हजार. बोट दिवसाला दहा तास आणि वर्षाला दोनशे दिवस चालली, तर एकेका उंचवट्याने टॅपेटला उचलायचे नऊ कोटी वेळा. प्रत्येक वेळी स्प्रिंगचा पूर्ण जोर त्या टोकावर, आणि दोन्ही लोखंडांचा स्पर्श एका बारीक रेघेएवढा. मध्ये असतो तो फक्त ऑईलचा पापुद्रा. एवढे ऐकल्यावर मुले विचारायची, "बाई, मग ते टिकतं कसं?" खरा प्रश्न तोच आहे.

हा कॅम आजचा नाही, हेही मुलांना सांगताना मला आनंद व्हायचा. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकरच्या दरबारात अल-जझरी नावाचे कारागीर होते. हिजरी ६०२, म्हणजे इसवी सन १२०६ मध्ये त्यांनी आपल्या यंत्रांवरचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात एक बोट आहे. तळ्यावर तरंगणारी, चार वादकांच्या पुतळ्यांची. बोटीच्या पोटात पाण्याच्या जोरावर दांडा फिरतो, दांड्यावरच्या खुंट्या छोट्या तरफांना ढकलतात आणि पुतळ्यांचे हात वाद्यांवर पडतात. खुंट्यांची जागा बदलली की ताल बदलतो. कॅमची कल्पना हीच. अब्बांना मी हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्या बोटीत ऑईल कोण घालीत होतो?" मिस्त्री माणसाला दुसरे काय सुचणार!

झीज कुठून सुरू होते?

कॅमचे लोखंड सगळे सारखे कठीण नसते. वरची कातडी कडक केलेली असते, आतला गाभा त्यामानाने मऊ. कातडी शाबूत आहे तोवर कॅम वर्षानुवर्षे चालतो. ती एकदा फुटली की आतले मऊ लोखंड खडूसारखे उडते आणि पुढचे काम आठवड्यांत होते. म्हणून कॅमची झीज ही चपलेच्या झिजेसारखी रोज थोडी-थोडी, सारखी नसते. बराच काळ काहीच दिसत नाही आणि मग एकदम सगळे दिसते.

कारखान्यात टॅपेटसाठी एक छान सोय केलेली असते. अनेक इंजिनांत टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि कॅमचा उंचवटा किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवतीही फिरतो आणि झीज एका जागी न पडता सगळीकडे वाटली जाते. टॅपेट घाणीने किंवा गंजाने अडकून फिरायचा थांबला की एकाच रेघेवर घासू लागतो आणि टॅपेट व कॅम दोघेही जातात.

आता ऑईल. चांगल्या ऑईलमध्ये जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग मिसळलेले असते. जिथे दाब आणि उष्णता जास्त, तिथे ते धातूवर पातळसा थर धरते. ऑईलचा पापुद्रा क्षणभर तुटला तर लोखंडाऐवजी हा थर घासला जातो. पण तो रोज घासला जातो आणि रोज नव्याने बनतो, म्हणून ऑईलमधला हा साठा संपत जातो. ऑईल डोळ्यांना बरे दिसते, बोटांना चिकट लागते, पण कॅमला राखणारी चीज त्यातून गेलेली असते. "अजून बरे दिसते, आणखी चार फेऱ्या चालेल" हे वाक्य म्हणूनच फसवे.

बोटीवर आणखी तीन शत्रू आहेत. पहिला, पाणी. कूलरमधून किंवा पंपाच्या सीलमधून खारे पाणी ऑईलमध्ये शिरले की ऑईल दूध घातलेल्या चहासारखे होते, त्याचा पापुद्रा धरत नाही आणि गुळगुळीत घासलेल्या कॅमला गंजाचे टिपके पडतात. दुसरा, डिझेल. गळक्या नोझलमधून किंवा फीड पंपातून ते ऑईलमध्ये उतरते आणि ऑईल पाण्यासारखे पातळ होते. तिसरा शत्रू कोणाला खरा वाटत नाही, तो म्हणजे तासन् तास स्लो ठेवलेले इंजिन. लोकांना वाटते की स्लो चालले म्हणजे आराम मिळाला. पिस्टनला मिळत असेल. कॅमच्या टोकाला नाही. फेरे कमी तेवढा ऑईलचा पापुद्रा पातळ आणि क्रँकवरून उडणारे शिंतोडेही कमी. शिवाय थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, काजळी ऑईलमध्ये उतरते. जाळे टाकल्यावर गरज नसताना इंजिन गुरगुरत ठेवणे हे पैसे आणि कॅम दोन्ही जाळणे आहे.

एक गोष्ट आमच्या भागापुरती. लहान पातींवर वर्षानुवर्षे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड मशीन चालले. त्यात कॅमही नाही आणि व्हॉल्व्हची ही साखळीही नाही. ऑईल इंधनातच मिसळून जळून जाते. अशा मशीनवर वाढलेल्या माणसाला ऑईल बदलायची सवय लागणार तरी कुठून? तोच माणूस पुढे डिझेल इंजिनाची बोट घेतो आणि ऑईल कमी दिसले की वरून भर घालत राहतो. तो आळशी नसतो, त्याच्या हाताला दुसरी सवय असते. हे ओळखून त्याला समजावायला हवे.

आमच्या नात्यातली एक बोट

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मामेभावाने सेकंडहँड ट्रॉलर घेतला. त्याचा धाकटा भाऊ कुवेतला होता, निम्मे पैसे त्याचे. उरलेले कर्ज. अब्बांनी तोवर काम थांबवले होते, पण घरचे इंजिन म्हणून ते सप्टेंबरात जाऊन टॅपेट सेट करून आले. त्या इंजिनाला ०.३० मिलिमीटर गॅप ठेवायचा होता. तीन आठवड्यांनी पाहिले तर तिसऱ्या सिलिंडरच्या एका व्हॉल्व्हचा गॅप ०.४५. त्यांनी पुन्हा ०.३० केला. ऑक्टोबरच्या मध्यावर तोच ०.५०. बाकी अकरा जागच्या जागी.

अब्बांनी तिथेच सांगितले, "ह्यो गॅप उघडत नाय, कॅम खाता हा. इंजिन उघडूया." मामेभाऊ म्हणाला, "चाचानू, चलता हा ना? मगे आत्ता कित्याक उघडूचा? सीझन संपांदे." त्याचेही चूक म्हणता येत नव्हते. नोव्हेंबर तोंडावर, मासा लागलेला, हप्ता डोक्यावर. ऑईल मात्र त्याने एका दुकानातल्या उघड्या बॅरलमधून घेतले होते. लिटरमागे स्वस्त पडते म्हणून. ते नवे होते की गाळून पुन्हा विकलेले, हे कोणाला सांगता आले नसते.

भाबी बोटीचा हिशोब ठेवत असे. नोव्हेंबरात तिनेच मला दाखवले की त्याच जागी जाऊन यायला डिझेल जास्त लागत आहे. बोटीतून काळा धूर येऊ लागला. उघड आहे, हवेचा व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, श्वास अपुरा, डिझेल अर्धवट जळते.

एका संध्याकाळी बोट भरतीच्या जोरात बंदरात शिरत होती. मालवणच्या बंदराचे तोंड ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत आहे, दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक. तिथे जोर लावायची वेळ आली आणि इंजिन ओढेना. ठुसके देऊ लागले, फेरे पडले. तांडेलाने नांगर टाकला आणि तो धरला, ही अल्लाहची मेहरबानी. मागून येणाऱ्या शेजारच्या गाबीत बंधूंच्या बोटीने दोर टाकून त्यांना आत आणले. बोटीवर सहा माणसे होती.

इंजिन उघडले तेव्हा अब्बांनी मला मुद्दाम बोलावून दाखवले. दोन उंचवट्यांची टोकेच उरली नव्हती. अंड्याचे लिंबू झाले होते. त्यांच्यावरचे टॅपेट तळाशी खोलगट झालेले, खड्डे पडलेले. पण खरे नुकसान तेवढेच नव्हते. खरवडलेले लोखंड ऑईलबरोबर सगळीकडे फिरले होते. फिल्टर तुडुंब भरला की त्यातली बायपासची वाट उघडते आणि न गाळलेले ऑईल पुढे जाते, नाहीतर इंजिन कोरडे पडेल. त्या वाटेने लोखंडाचा चुरा बेअरिंगपर्यंत आणि ऑईल पंपापर्यंत गेला होता. एका कॅमचे काम अख्ख्या इंजिनावर गेले. ऐन हंगामात बोट तीन आठवडे उभी राहिली. खलाशांना उचल द्यावी लागली. भाबीच्या पाटल्या गहाण पडल्या. ते दिवस तिने कसे काढले ते मी पाहिले आहे.

त्या दुरुस्तीत अब्बांनी नवा कॅमशाफ्ट आणि त्याबरोबर बाराही टॅपेट नवे बसवले. इंजिन पुन्हा उभे राहिले. पुढे २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ आले. केरळ-तामिळनाडूकडच्या कितीतरी बोटी तेव्हा देवगडच्या बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. मामेभावाची बोटही त्या वेळी खोल पाण्यात होती आणि निरोप मिळताच तोच कॅम घेऊन ती सुखरूप परत आली. वादळात माणसाच्या हातात फारसे काही नसते; पण बोट घरी आणणारे इंजिन आधीच्या महिन्यांत नीट ठेवणे हे त्याच्या हातात असते.

अब्बांच्या वहीतले नियम

या वह्यांमधून निवडून काही नियम इथे देते. इंजिन कोणतेही असो, आकडे त्याच्या पुस्तकातलेच धरावेत; पद्धत मात्र सगळीकडे हीच.

रोज सुरू करण्याआधी ऑईलची पट्टी काढून तीन गोष्टी पाहाव्यात: पातळी, रंग, वास. पातळी कमी झाली तर ऑईल जळते किंवा गळते आहे. पातळी आपोआप वाढली तर आनंद मानू नये. आत पाणी किंवा डिझेल शिरले आहे. पट्टीला डिझेलचा वास आला किंवा ऑईल दुधाळ दिसले तर आधी कारण शोधायचे आणि मगच समुद्रात जायचे.

ऑईल आणि फिल्टर एकत्र बदलावे. अब्बांचा हिशोब २५० तासांचा होता. पुस्तकात कमी लिहिले असेल तर कमी. बोटीला किलोमीटर नसतात, म्हणून तास लिहिणे आलेच. डबा सीलबंद घ्यावा आणि त्यावरची अक्षरे वाचावीत. डिझेलच्या ऑईलवर 'सी'ने सुरू होणारा दर्जा असतो, जसे सीएच-४, सीआय-४. पेट्रोलच्या ऑईलवर 'एस'ने सुरू होणारा. नव्या पेट्रोल गाड्यांच्या धुराड्यातल्या कन्व्हर्टरला फॉस्फरस सोसत नाही, म्हणून त्यांच्या ऑईलमध्ये तो कमी केलेला असतो. जुन्या घडणीच्या इंजिनात असे ऑईल ओतले तर कॅमची राखण कमी पडते. महाग ते चांगले असे नाही, योग्य ते चांगले.

टॅपेटचा गॅप फिलर गेजने मोजावा, कानाने नाही. गॅप फार कमी असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. फार जास्त असेल तर रॉकर प्रत्येक फेरीला हातोड्यासारखा आपटतो. तपासताना जो आकडा निघाला तो आधी लिहावा, मग सेट करावा. गॅप वारंवार कमी होत असेल तर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत रुतत आहे. वारंवार वाढत असेल तर कॅम, टॅपेट किंवा रॉकर झिजत आहे. एकदा घेतलेला आकडा मुका असतो. दोन-तीन आकडे शेजारी ठेवले की ते बोलू लागतात.

रॉकरचे झाकण उघडले की इंजिन स्लो चालवून प्रत्येक रॉकरपाशी ऑईल पाझरते का ते पाहावे. एखादा रॉकर कोरडा दिसला तर त्याचे भोक काजळीने बुजले आहे.

इंजिन खोलले तर प्रत्येक टॅपेट आणि पुशरॉड आपल्या जागेच्या नंबरासह ठेवावा. अब्बा टॅपेटसाठी अम्मीचा अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे न्यायचे. बारा खळगे, बारा नंबर. इतके दिवस एका कॅमवर घासून बसलेला टॅपेट दुसऱ्याच्या कॅमवर ठेवला तर दोघेही खराब होतात. आणि नव्या कॅमशाफ्टवर जुना टॅपेट कधीच नको. नवा कॅम बसवताना टोकांना आणि टॅपेटच्या तळाला त्यासाठीची पेस्ट लावावी आणि पहिली काही मिनिटे इंजिन अगदी स्लो रेंगाळू देऊ नये. पुस्तकात सांगितलेल्या फेऱ्यांवर ठेवून ती जोडी बसू द्यावी.

आता बंदीचे दोन महिने. बोट वर घेण्याआधी इंजिन गरम असतानाच जुने ऑईल काढावे, नवे ऑईल आणि फिल्टर घालून थोडा वेळ चालवावे. जुन्या ऑईलमध्ये जळणातून आलेले आम्ल आणि पाणी असते. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते दोन महिने कॅमला खात बसते. "ऑगस्टात नवा घालूचाच हा, मगे आत्ता कित्याक?" असे विचारणाऱ्याला अब्बा म्हणायचे, "तू घाण कपड्यांवर दोन महिने निजशीत काय?" ऑईल बदलून झाले की हवेचे आणि धुराचे तोंड ऑईल लावलेल्या फडक्याने बंद करावे, कारण थांबलेल्या इंजिनातही एखाददुसरा व्हॉल्व्ह उघडाच असतो आणि तिथून खारी हवा आत जाते. फडके लावल्याची चिठ्ठी स्टार्टरवर बांधावी. आठवड्या-पंधरवड्याने इंजिन हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवावे, म्हणजे स्प्रिंगचा दाब त्याच त्या उंचवट्यावर राहत नाही. ऑगस्टात सुरू करताना आधी रॉकरवर थोडे ऑईल सोडावे, दोन फेरे हाताने द्यावेत, मग स्टॉप ओढून ठेवून स्टार्टरचे छोटे झटके द्यावेत. काट्यावर ऑईलचा दाब दिसला की मग बिस्मिल्लाह.

दारातली मोटारसायकल

बोट नसलेल्यांनी हे पान उलटू नये. आपल्या दारातल्या चार-स्ट्रोक मोटारसायकलीत कॅम वरती, हेडमध्ये असतो. ऑईल खालून तिथे चढवावे लागते. ऑईल कमी झाले की पहिला कोरडा पडतो तो कॅमच. आणि या इंजिनांत ऑईल असते जेमतेम लीटरभर. त्यातले पाव लीटर उडाले तरी फरक पडतो. म्हणून महिन्यातून दोनदा गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून, पुस्तकात सांगितले आहे तशी पट्टी पाहावी. सकाळी सुरू केल्याबरोबर मुले मूठ पिळून घोंघाट करतात, तेव्हा वर ऑईल पोचलेले नसते. अर्धा मिनिट थांबून हळू निघावे. आणि मोटारसायकलीला मोटारसायकलीचेच ऑईल. तिथे क्लचही त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑईलने तो घसरतो. वरून टिकटिक ऐकू येऊ लागली तर रेडिओचा आवाज वाढवू नये, मिस्त्रीकडे जावे.

वही कोणाच्या हातात?

अब्बांच्या वह्यांत ज्या बोटींचे कॅम लवकर गेले, त्यांचे मालक अडाणी नव्हते. ऑईल बदलायला हवे हे सगळ्यांना ठाऊक होते. पण फेरीच्या हिशोबात डिझेल, बर्फ, रेशन आधी वजा होते, मग बोटीचा आणि खलाशांचा वाटा पडतो. ऑईलचा खर्च मात्र मालकाच्या हिश्शातून, पुढे कधीतरी. ज्या दिवशी तो करायचा, त्याच दिवशी शाळेची फी असते, लग्नाचा आहेर असतो, बँकेचा हप्ता असतो. मग ऑईल चार फेऱ्या पुढे ढकलले जाते. डिझेल पुढे ढकलता येत नाही, बोट जागची हलत नाही. ऑईलचे तसे नाही, ते ढकलता येते. घात तिथेच होतो.

त्या मोठ्या दुरुस्तीनंतर भाबीने यावर साधा उपाय काढला. तिने हिशोब मांडला. फेरी दहा तासांची धरली तर २५० तास म्हणजे पंचवीस फेऱ्या. ऑईल आणि फिल्टरची किंमत भागिले पंचवीस. जो आकडा आला तो प्रत्येक फेरीला डिझेल आणि बर्फाबरोबरच वाट्याआधी बाजूला काढायचा आणि वेगळ्या डब्यात टाकायचा. सुरुवातीला एक-दोन खलाशांनी कुरकूर केली. तिने त्यांना बसवून सांगितले की बोट तीन आठवडे उभी राहिली तेव्हा कोणाच्या घरी किती आले होते ते आठवा. पुन्हा कोणी बोलले नाही. पंचविसाव्या फेरीला डबा भरलेला असतो, कोणापुढे हात पसरावा लागत नाही. त्या पैशाला घरात दुसरा कोणी हात लावत नाही, ईद असली तरी.

कॅमशाफ्ट कसा काढायचा हे भाबीला येत नाही आणि यायची गरजही नाही. तिला तारीख लिहिता येते, तास मोजता येतात, आणि डिझेल वाढले तर "का वाढले?" एवढे विचारता येते. ज्या घरात हा प्रश्न विचारणारे कोणी आहे, त्या घरचे इंजिन मिस्त्रीच्या हातात उशिरा जाते. आपल्या घरांत पुरुष समुद्रावर किंवा परदेशात असतात, हिशोब बायकांकडे असतो. तेव्हा बहिणींनो, येत्या हंगामाच्या आधी एक चाळीस पानी वही घ्या. पहिल्या पानावर इंजिनाचे तास, ऑईलची तारीख आणि टॅपेटचे आकडे लिहा आणि ऑईलचा डबा वेगळा काढा. इन्शाअल्लाह, तुमच्या पाटल्या तुमच्या हातातच राहतील.